डोक्यावरून कानापर्यंत

मी चावायचे. लहान मुलं चावतातच, पण मी तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत चावत होते आणि रक्त दिसल्याशिवाय सोडत नव्हते. ज्या बायकांनी मला न विचारता उचलून कडेवर घेतलं, गालाचे चिमटे काढले, "काय गोड बाहुली हाय वं" म्हणत या हातातून त्या हातात दिलं, त्यांच्या दंडावर माझे दात उमटले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला कुणी कडेवर घेतं का?

माझी उंची चार फुटांच्या थोडीशी वर आहे. बँकेत गेले की काउंटरपलीकडच्या माणसाला माझं फक्त कपाळ दिसतं आणि तो माझ्या मागच्याला विचारतो, "बोला साहेब." मग मी काउंटरवर थाप मारते. थाप मात्र पूर्ण उंचीच्या बाईची असते.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मूल वाढावं म्हणून जे द्रव्य रक्तात उतरावं लागतं, ते तिच्यातून येतं. माझ्या ग्रंथीने ते काम जवळजवळ केलंच नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर ग्रंथीचा राग आला नाही. तिला बिचारीला काय कळतं? ज्यांना कळत होतं, त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

आमचं गाव चामोर्शीपासून सायकलने तासाभरावर. भोवती धानाच्या बांध्या म्हणजे भातशेतं, एक तलाव, पलीकडे जंगल. बाबा गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. आम्ही बौद्ध. त्या गावात सरकारी खुर्चीवर बसलेला आमच्यातला पहिला माणूस म्हणजे बाबा, आणि त्या खुर्चीचा पाय कधी मोडतो ते बघायला काही मंडळी रोज शाळेसमोरून चक्कर मारायची. म्हणून बाबा नियमाला धरून चालायचे. नुसते धरून नाही, नियमाला मिठी मारून बसायचे.

त्यांचा सगळ्यात आवडता नियम कानाचा होता. गावात कुणाच्याही पोराला जन्मतारीख नव्हती. आयांना आठवायचं ते एवढंच, की पोरगं रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत झालं, पोरगी मोहाची फुलं पडत होती तेव्हा झाली. कितव्या वर्षी, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मग शाळा उघडली की नव्या पोरांना आवारात एका रांगेत उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरून दाखवायचा. बोटं कानाला लागली की बाबा मोठ्यांदा म्हणायचे, "सहा पूर्ण. लिहा." सहायक गुरुजी रजिस्टरात एक जुलै आणि सहा वर्षांमागचं साल लिहायचे. नाही लागली तर पोरगं पुढच्या वर्षी. गावातली झाडून सगळी पोरं त्यामुळे एक जुलैला जन्मलेली होती आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तारीख होती ती फक्त माझी. मी जन्मले तेव्हा बाबांनी आपल्या खिशातल्या डायरीत दिवस आणि वेळ लिहून ठेवली होती. अख्ख्या गावात कागदावर जन्मलेली मी एकटी.

सहाची झाले तेव्हा मी रांगेत उभी राहिले. हात डोक्यावरून नेला. बोटं कानापासून चांगली चार बोटं लांब राहिली. बाबांना माझी तारीख पाठ होती. पण समोर अर्धं गाव उभं होतं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." लोक घरी जाताना बोलत गेले, "गुरुजीनं सोताच्या पोरीले बी सोडलं नाई." पुढचे कितीतरी दिवस बाबा ताठ मानेने चालत होते. पुढच्या वर्षी मी पुन्हा उभी राहिले आणि पुन्हा घरी आले. या वेळी कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या पुढे माझा धाकटा भाऊ उभा होता. मी आठ पूर्ण करून नववं संपवत आले होते, तो जेमतेम सहाचा. तो माझ्याहून डोकंभर उंच होता. त्याचा नंबर माझ्या आधी लागला, त्याने हात नेला आणि कान असा पकडला की लोंबकळतोय असं वाटावं. "सहा पूर्ण. लिहा."

मग मी. हात नेला. दोन बोटं कमी. मी मान वाकडी केली, तेव्हा बाबा ओरडले, "मान सरळ." मी सरळ केली. पुन्हा दोन बोटं. कुंपणापाशी बायका उभ्या होत्या, त्यांत आई होती, पदर तोंडात धरून. एक जण हसून म्हणाला, "गुरुजी, पोरगी वाढूनच नाई राह्यली, तं तुम्ही का करान?"

बाबांनी एका हाताने माझं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलं आणि ओढलं.

ओलं लाकूड पिरगाळल्यावर होतो तसा आवाज आला. तो आवाज कानाने ऐकला नाही मी, तो दातांत ऐकला. पुढचं मला आठवतं ते असं, की माझी बोटं कानाला लागलेली आहेत, कान गरम आहे, आणि बाबा मोठ्यांदा म्हणतायत, "सहा पूर्ण. लिहा." मग मी शाळेच्या आवारातच ओकले.

खांदा निखळला होता. शेजारच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, हाडं बसवणारा एक म्हातारा गोंड होता, त्याच्याकडे आईने मला पाठुंगळीवर नेलं. त्याने मला जमिनीवर आडवं केलं, माझ्या काखेत आपली टाच रोवली आणि हात खेचला. मी त्याच्या पोटरीला चावले. माझा पहिला चावा तो. म्हाताऱ्याने शांतपणे पोटरी सोडवून घेतली आणि बैलाचं तोंड उघडतात तसं माझं तोंड उघडून आत पाहिलं. बैलाचं वय दातांवरून कळतं, ते त्याचं रोजचं काम होतं. मग हाताच्या मनगटावरून अंगठा फिरवला. "दात आठाचे हाय," तो आईला म्हणाला. "हाड पाचाचं हाय. हे पोरगी तुले दाखवा लागन, बाई. दूर कुठीतरी दाखवा लागन."

आईने घरी येऊन ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, त्या अडाण्याला काय कळतं. मला वाटतं त्या भागात माझा पहिला डॉक्टर तोच होता, आणि फी म्हणून त्याला मी पोटरीवर खूण दिली.

त्या संध्याकाळी बाबांनी डायरीतलं ते पान फाडून चुलीत घातलं. आईने पाहिलं, पण आईला वाचता येत नव्हतं, तिला वाटलं जुना कागद असेल. रजिस्टरात आता माझी तारीख एक जुलै होती, साल भावाचं होतं. कागदावर आम्ही जुळे झालो होतो. बाबांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की शाळेत त्याने मला ताई म्हणायचं नाही. "घरी काय म्हणायचं ते म्हण." भावाने मान हलवली. तो आज्ञाधारक होता, देव जाणे कुणावर गेला होता.

माझी जवळजवळ तीन वर्षं अशी गेली. कुठे गेली म्हणाल तर चुलीत.

पुढच्या वर्षांत वर्ग वर सरकत गेला आणि मी तेवढीच राहिले. एकच फ्रॉक मी तीन वर्षं घातला आणि तो फाटला, पण तोकडा झाला नाही. दुसरीतली पोरं मला आपल्यातली समजून गोट्या खेळायला बोलवायची. माझ्या वर्गातले पोरगे मला दप्तरासारखं उचलून कपाटावर ठेवायचे आणि सहायक गुरुजी आले की पळून जायचे. गुरुजी हसायचे, मग उतरवायचे. एकदा त्या पोरांनी मला शाळेशेजारच्या घरातल्या ढोलीत टाकलं. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी, शेणाने सारवलेली. आत अर्ध्यापर्यंत धान होतं. मी हलले की धान पायाखालून सरकायचं आणि मी आणखी खाली जायचे. वरून ते विचारत होते, "ए बाहुले, उगवून राह्यली का?" धान छातीपर्यंत आलं तेव्हा मी ओरडणं बंद केलं. तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी मला काढलं.

दुसऱ्या दिवशी ज्याने मला उचललं होतं त्याच्या मांडीत मी कर्कटक खुपसलं. पूर्ण. तो पाटलाच्या घरचा होता. कर्कटक काढताना तो जसा ओरडला, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसून हसले. खरं लिहायचं तर तसं बरं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं.

बाबांनी मला सगळ्या शाळेसमोर बेशरमाच्या झुडपाच्या काडीने मारलं. काडी मोडली, दुसरी आणली. पाटील कुंपणाशी उभा राहून मोजत होता. बाबा मारताना त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मी घरी येऊन भावाला मारलं. नेहमीच त्याला मारायचे, कारण तो उलटून मारायचा नाही. चिमटे, लाथा, पाटी, जे हाताला लागेल ते. तो नुसता दोन्ही हातांनी डोकं झाकायचा. मला ते जास्तच सलायचं. त्याने मला एक ठोसा मारला असता तर मी भिंतीला जाऊन लागले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, आणि तो मारत नव्हता म्हणजे तो मला लहान समजत होता. मी त्याची ताई होते! त्याच्या आधी मी या घरात आले होते, त्याला मी मांडीवर घेतलं होतं, त्याच्या नाकातला शेंबूड मी पुसला होता. आणि आता तो मला जपत होता.

तलावापाशी एक जांभळाचं झाड होतं. त्याच्या फांदीला मी रोज लोंबकळायचे, अंग ताणलं जावं म्हणून. एकदा भावाला म्हटलं, माझे पाय धरून तूही लटक. त्याने लटकून पाहिलं. फांदी मोडली, मी त्याच्या तोंडावर पडले आणि त्याचा समोरचा दात अर्धा तुटला. त्याने घरी सांगितलं की पाय घसरला. तो तुटका दात त्याच्या तोंडात अजून तसाच आहे. त्या दिवशी मात्र मी त्याला मारलं नाही. तलावाच्या पाळीवर बसून मी स्वतःच्याच मांडीवर दगड मारत राहिले, भावाने माझा हात धरेपर्यंत.

असं वागणाऱ्या पोरीला गावात एकच शब्द होता, माजली. बुटकी, त्यात माजलेली. ही पोरगी दिवसरात्र कुठल्या आगीत बसली आहे, हे कुणी विचारलं नाही. मलाही ते सांगता आलं नसतं. मला एवढंच कळायचं की सगळे मला खाली बघून बोलतात आणि मला त्या सगळ्यांच्या गळ्याशी जायचं आहे.

मी पाचवीत असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. चामोर्शीहून आलेल्या डॉक्टरीण बाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं, मग भावाला. दोघांच्या नावापुढची तारीख पाहिली.  मग बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला नागपूरला दाखवाच. आणि भावालाही न्या, तुलना करता येईल." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. तपासणीच्या वहीत नोंद झाली म्हणून बाबांना जावं लागलं. नियम.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो, बाबा, मी आणि भाऊ. गडचिरोलीला गाडी बदलली. तेव्हा मला तेरा पूर्ण होऊन चौदावं संपत आलं होतं. मी खूप खूश होते. खिडकीशी बसून मी ठरवत होते, की मोठी झाले की आधी कुणाकुणाला मारायचं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका काचेवर माझ्या डाव्या हाताचा फोटो काढला, एक्स-रे. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. मनगटाशी बारीक खडे असावेत तशी हाडं दिसत होती, मधे मधे काळं. डॉक्टर म्हणाले, "हाडाचं वय आठ वर्षांचं आहे." हाड वयाच्या मागे आहे, हे म्हाताऱ्या गोंडाने अंगठा फिरवून केव्हाच सांगितलं होतं. मला एकदम त्याची पोटरी आठवली.

डॉक्टरांनी शाळेचा दाखला पाहिला. "अकरावं चालू आहे. म्हणजे तीनेक वर्षांचा फरक. काही मुली उशिरा वाढतात, त्यांच्यात असं दिसतं. दोन वर्षं वाट बघू." मग चष्मा काढून त्यांनी बाबांना विचारलं, "तारीख बरोबर आहे ना पण? खेड्यात अंदाजे लिहितात म्हणून विचारतो. ही तेरा-चौदाची असती तर मी थांबलो नसतो. वाढीच्या द्रव्याची इंजेक्शनं असतात, परदेशातून येतात. मुंबईला माझ्या ओळखीचे डॉक्टर अशा मुलांची नावं नोंदवून घेतायत. मी आत्ता चिठ्ठी दिली असती. हाडांची टोकं एकदा मिटली की मग काही करता येत नाही."

 मी बाबांकडे पाहत होते. मला खात्री होती. इतकी खात्री मला आयुष्यात परत कशाचीच वाटली नाही.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे. मीच लिहिली आहे."

"मी तेरा वर्षांची आहे," मी म्हटलं. "मले तेरा पूर्ण झाले. हा माझा लहान भाऊ आहे."

डॉक्टर हसले. लहान मुलं आपलं वय वाढवून सांगतात, तसं. त्यांनी भावाला विचारलं, "काय रे, जुळे ना तुम्ही?"

भावाने बाबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली बघून म्हणाला, "हो."

मी बाबांच्या उजव्या हाताला चावले. अंगठ्याखालच्या मांसात माझे दात गेले आणि मी जबडा आवळला. बाबा ओरडले नाहीत. डॉक्टर उठले, नर्स धावत आली, कुणीतरी माझं नाक दाबलं तेव्हा श्वासासाठी तोंड उघडावं लागलं. बाबांचं रक्त माझ्या हनुवटीवरून दाखल्यावर पडलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाबांना म्हणाले, "उंचीचं पुढे बघू. आधी हिच्या स्वभावाकडे लक्ष द्या. घरी काही त्रास आहे का हिला?"

"नाही," बाबा म्हणाले.

मी बाबांच्या जागी उभी राहून पुष्कळदा विचार केला आहे. शाळेत पाटलाच्या पोराचं प्रकरण ताजं होतं. मुख्याध्यापकाने स्वतःच्या मुलीची तारीख खोटी लिहिली, हे बाहेर पडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि "यांना खुर्ची दिली की असंच होतं" हे म्हणायला गाव टपून होतं. हे सगळं मला समजतं. इंजेक्शनं मिळालीच असती असंही नाही. मिळून उपयोग झालाच असता असंही नाही. तरी एक वाक्य होतं ते. "तारीख चुकली आहे, डॉक्टरसाहेब." चार शब्द. त्या चार शब्दांची किंमत माझी उंची होती, हे त्यांना त्याच खोलीत, दोन मिनिटांपूर्वी, स्वच्छ मराठीत सांगण्यात आलं होतं.

परतीच्या एसटीत बाबांच्या हाताला रुमाल बांधलेला होता. भाऊ माझ्या शेजारी बसायला घाबरत होता. कंडक्टरने आमच्याकडे पाहून विचारलं, "एक पूर्ण, दोन अर्धे?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन पूर्ण. एक अर्धं." कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, हे पोरगी तर..." बाबा म्हणाले, "तिचं पूर्ण."

डॉक्टरसमोर जे निघालं नाही, ते कंडक्टरसमोर निघालं! त्यांनी ते तिकीट माझ्या हातात दिलं. मी त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि खिडकीतून फेकले. काही तुकडे वाऱ्याने आत येऊन त्यांच्या धोतरावर पडले. त्यांनी ते झटकले नाहीत.

घरी भावाने आईला सगळं सांगितलं. आई चुलीपाशी होती. तिच्या हातातली पळी बाबांच्या कानावरून जाऊन भिंतीला लागली, वरणाचा ओघळ आला. "मी जनली पोरगी! मले नाई माहीत का कवा जनली? तुमी काऊन नाई बोलले?"

"नोकरी जाईल," बाबा म्हणाले.

"जाऊ द्या ना मंग! रोवण्या करू!"

पण तारीख तिलाही सांगता येत नव्हती. रोवणी चालू होती, चिखलातून घरी आले आणि कळा सुरू झाल्या, एवढंच. कुठला दिवस, ते जिथे लिहिलं होतं ते पान तिने स्वतःच्या डोळ्यांनी जळताना पाहिलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं.  ती नागपूरला गेली नाही. कुणीच गेलं नाही. दोन वर्षं झाली तेव्हा आईने विषय काढला, तर तो डॉक्टर बदलून गेल्याचं कळलं, आणि मग त्याचंच निमित्त झालं.

मी बाबांशी बोलणं बंद केलं. एका घरात तीन वर्षं. जेवताना ताट त्यांच्यासमोर आदळायचं, एवढाच आमचा व्यवहार.

मग एका जानेवारीत फळ्यावर लिहिता लिहिता बाबा पडले. लकवा. लोकांनी बाजेवर घालून घरी आणलं, मग बैलगाडीने, मग गडचिरोलीला. उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. ज्या हाताने ओढलं तो हात गेला, असं गावात कुणी बोललं असतं तर मला आवडलं असतं, पण गाव ते केव्हाच विसरलं होतं.

घरी सोडताना दवाखान्यातल्या माणसाने मला व्यायाम दाखवले. आई बांधीत, भाऊ औषधं आणि बाजार आणायला सायकलवर, म्हणून शाळेआधीचं ते काम माझ्याकडे. कोपर वाकवायचं, सरळ करायचं. बोटं उघडायची. "आणि हे रोज करायचं हं बेटा," तो म्हणाला, "हात डोक्यावरून न्यायचा आणि पलीकडच्या कानाला लावायचा. हळूहळू जाईल."

मी इतक्या जोरात हसले की त्या खोलीतले पेशंट उठून बसले.

पहिले काही दिवस मी नुसती बोटं उघडली. मग एका सकाळी मी बाजेवर चढून त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले. उभी राहिले असते तरी चाललं असतं, फारसा फरक नव्हता. त्यांचा उजवा हात उचलला. जड होता, मेलेल्या जनावराच्या पायासारखा. अंगठ्याखाली माझ्या दातांचा व्रण होता. हात डोक्यावर आणला, पलीकडे नेला. दोन बोटं कमी.

बाबांना कळलं मी काय करणार ते. त्यांचा श्वास बदलला. आई दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडात धरून, शाळेच्या कुंपणापाशी होती तशीच.

मी एका हाताने त्यांचं डोकं धरलं, दुसऱ्या हाताने कोपर धरलं आणि ओढलं.

ते ओरडले. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज. बोटं कानाला लागली. मी ती तिथे दाबून धरली आणि त्यांच्या कानात म्हटलं, "सहा पूर्ण. लिहा."

 तोंडातून लाळ गळत होती. जीभ वळत नव्हती, तरी ते काहीतरी बोलायला बघत होते. "सो," ते म्हणाले. मला वाटलं सोड म्हणतायत. मी आणखी दाबलं. "सो...ळा," ते म्हणाले. "सोळा."

मला रडू आलं नाही. माझा राग गेला नाही. उलट इतका राग मला कधीच आला नव्हता, कारण तो आकडा इतकी वर्षं त्यांच्या तोंडात तयार होता.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"सोळा."

"आईले सांगा."

त्यांनी दाराकडे मान वळवली, माझ्या पकडीत वळली तेवढी. "सोळा," ते आईला म्हणाले. मी हात खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्याला तेल लावलं. खांदा निखळला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी तेच. मी हात कानापर्यंत न्यायचे, ते आकडा सांगायचे, मी सोडायचे. मी ओढणं कमी केलं, ते कधी, ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी आमची चामोर्शीची शाळा सुटली की भाऊ माझ्यासाठी सायकल थांबवायचा आणि शाळेच्या फाटकातून, सगळ्या पोरांदेखत, "ताई, बस" म्हणायचा. मी त्याला एकदाही शाबासकी दिली नाही, आणि एकदाही मारलं नाही.

पावसाळा आला. रोवण्या लागल्या, आई पहाटेच बांधीत गेली. मी बाजेवर चढले आणि त्यांचा हात धरला. अजून उचलला नव्हता.

"सतरा," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "सोळा."

त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती, दुखली. "सतरा," ते म्हणाले. "आज."

भिंतीवर दवाखान्याने दिलेलं कॅलेंडर होतं. मी बाजेवरून उतरले आणि तारीख पाहून आले.